दोरी ओढायची तरी किती? बोटीच्या इंजिनाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

रामनवमीचा सुंठवडा तोंडात होता तेवढ्यात दुकानासमोर टेम्पो थांबला. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन उतरले. मागे गोणपाटात गुंडाळलेलं बोटीचं इंजिन.

"तुमी मोटारीचं वायंडिंग करताय न्हवं? मग ह्येबी बघा की."

मी म्हटलं, पाणबुडी मोटार आणा, गिरणीची आणा, बोटीच्या इंजिनाला मी जन्मात हात लावलेला नाही. त्यांचं उत्तर तयारच होतं. "ज्येनी लावला त्येनी काय दिवे लावले?"

इंजिन जपानी बनावटीचं, २५ हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं. बोटीच्या मागच्या फळीला लटकवायचं आणि दोरी ओढून चालू करायचं. बॅटरी नाही, सेल्फ नाही. वय बारा-तेरा वर्षं. तक्रार एकच: कधी पहिल्या झटक्यात चालू होतं, कधी चाळीस झटके मारले तरी ढिम्म. मग तासाभरानं आपोआप शहाण्यासारखं वागतं.

दोन वर्षांत प्लग चार वेळा बदललेत, कार्बोरेटरचं किट एकदा, इग्निशन कॉइल एकदा. कशानं काय फरक पडला ते कुणालाच आठवत नाही. प्रत्येक मेकॅनिकनं एकदम दोन-तीन गोष्टी बदलल्या आणि चालू झालं की पैसे घेऊन गेला.

बोट वर्षातले नऊ महिने जाळी टाकायला असते आणि पावसाळ्यात गावाची असते. कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली गेला की आमचा पलीकडचा रस्ता तुटतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा गल्लीत शिरली तेव्हा म्हातारी माणसं याच बोटीतून काढली. त्याआधीच्या पिढीत गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडायचे. माझे वडील लहानपणी काहिलीतून पलीकडे गेलेत. ती गरगर फिरते आणि माणसाला उलट्या होतात, पण दोरी ओढायला लागत नाही, असं ते सांगायचे.

जूनच्या आत करून द्या, असं चेअरमन म्हणाले. हो म्हटलं. बायकोनं आतून डोळे वटारलेले दिसले.

७ एप्रिल

दोनशे लिटरचा प्लॅस्टिकचा बॅरल वरून कापला, पाण्यानं भरला, वर सागवानी फळी ठोकून इंजिन त्यात उतरवलं. पाण्याशिवाय चालवायचं नाही, कारण खालच्या पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरला की जळतो.

दुसऱ्या झटक्याला चालू. पाण्याची पिचकारी बरोबर. दहा मिनिटं चालवलं, बंद केलं, लगेच परत एका झटक्यात चालू. दुखणं सांगायला डॉक्टरकडे गेलं की ताप उतरतो, तसलं.

कॉम्प्रेशन वरच्या सिलिंडरला ११५ पीएसआय, खालच्याला ११०. दोघांत फारसा फरक नाही, म्हणजे रिंगा ठीक. प्लग काळपट, ओलसर. गॅप एकाचा १ मिमी, दुसऱ्याचा दीडच्या पुढे. दोन्ही नवे घातले, गॅप १ मिमी.

तेलाचं प्रमाण विचारलं. नाव चालवणारे मामा म्हणाले, खोकल्याच्या औषधाची दोन टोपणं एका लिटरला. टोपण मोजलं, १० मिलीचं निघालं. लिटरला २० मिली, म्हणजे पन्नासास एक. अगदी बरोबर! हसायला गेलो आणि गप्प बसलो.

९ एप्रिल

बंद करायच्या बटणाची लाल दोरी (ती चालवणाऱ्यानं मनगटाला बांधायची, ओढली गेली की इंजिन बंद) आणि त्या बटणाची वायर तपासली. बटण आतून ओलं होऊन स्पार्क खाणं हे नेहमीचं दुखणं. वायर सुटी करून ठेवली, बंद करायचं झालं तर चोक ओढून. या वायरीचा संशय निदान यादीतून गेला.

१२ एप्रिल, हनुमान जयंती

गावात सगळ्यांचा एकच निकाल: पेट्रोल. पानाच्या टपरीवर तर खटला चालून शिक्षाही झाली आहे. इथेनॉल घातलेलं पेट्रोल पाणी ओढतं, इंजिनं खातं वगैरे.

म्हणून आज पेट्रोलच तपासलं. हायस्कुलातून १०० मिलीचं मोजपात्र आणलं. खाली १० मिली पाणी, त्यात निळ्या शाईचा थेंब, वर ९० मिली पेट्रोल. तोंड दाबून हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. ते खाली उतरतं आणि निळा थर वाढतो. पाच मिनिटांनी थर १० चा २७-२८ झाला. ९० चे वीस टक्के १८, हिशेब जुळला. बेंगळुरूत ६ फेब्रुवारी २०२३ ला ई-२० पेट्रोल सुरू केलं, तेच आता आमच्या पंपावर येतं. ऊस आपला, मळी आपली, तक्रार करायची तरी कुणाकडे.

पण टाकीच्या तळाशी जे निघालं ते पंपाचं पाप नव्हे. उजेडात बाटली धरली तर खाली अर्धा बोट जाडीचा गढूळ थर. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू डिसेंबरपासून उघडाच होता. चालवताना तो उघडा हवा, नाहीतर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल येत नाही. ठेवताना मात्र बंद करायचा. रोज पहाटेची दमट हवा आत जायची, इथेनॉल ती प्यायचं, आणि पुरेसं पाणी झालं की दोघं मिळून तळाला बसायचे. इंजिनाची नळी पेट्रोल उचलते तेही तळातूनच.

टाकी धुतली, ताजं पेट्रोल भरलं, कार्बोरेटरचं भांडं उघडून पुसलं. जेटच्या, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकाच्या, आरपार उजेड दिसतोय. टपरीवाले जिंकले असं समजून झोपलो.

१३ एप्रिल

नदीवर चाचणी. बंधाऱ्याचे बरगे अजून घातलेले आहेत, त्यामुळे डोहात पाणी आहे. बाकी नदी वाळूला चिकटलेली.

पहिल्याच झटक्यात चालू. वीस मिनिटं जोरात फिरवलं. पलीकडच्या काठाला लावून कांदाभजी खाल्ली, माझ्या नावानं जयजयकार झाला. निघायला दोरी ओढली. एक, दोन, दहा, पंचवीस. खांदा निखळायची वेळ आली. पलीकडच्या मळ्यातला गडी काठावर बसून बघत होता, तो म्हणाला, "चालू आगवल्दु री?" होत नाही का, म्हणजे. त्याला उत्तर कोणत्याच भाषेत सुचलं नाही.

मामा शांत. डबड्यानं नदीचं पाणी इंजिनाच्या टोपावर ओतत बसले. आठ-दहा डबडी झाली, बिडी झाली, आणि एका झटक्यात चालू!

"ह्येला आंघोळ लागती," मामा म्हणाले. "दोन वरसं झाली, आसंच करतोय."

मी मनात म्हटलं, अंधश्रद्धा. फार तर नळीत पेट्रोलची वाफ धरत असेल, ती गार होत असेल. टोपाखाली ऊन लागलं की तसं होतं म्हणे.

१५ एप्रिल

इंजिन परत बोटीला लावून दिलं आणि सोबत शंभर पानी वही दिली. प्रत्येक वेळी चालू करताना तीन गोष्टी लिहायच्या: आधी किती वेळ बंद होतं, किती झटके लागले, लागलं की नाही. बाकी काही नको. पार्ट एकही बदलायचा नाही, कुणी फुकट दिला तरी.

मामांची शाळा कानडी चौथीपर्यंत. बोलणं सगळं मराठी, आकडे कानडी. म्हटलं चालेल.

१६ ते २७ एप्रिल

लग्नसराईत लाईटवाल्यांचे जनरेटर, उसाला पाणी देणाऱ्यांच्या मोटारी. तीन पाणबुड्या जळून आल्या. बोटीला वेळ नाही.

२८ एप्रिल

वही आली. पानांना माशाचा वास.

एका ठिकाणी मामांचा कानडी आकडा मी मराठी समजून वाचला आणि 'इतक्या तासांनीही लागलं नाही' असं धरून अख्खी संध्याकाळ सीडीआयवर, म्हणजे योग्य वेळी ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर, संशय घेत बसलो. सकाळी मामांना विचारल्यावर कळलं, तास नव्हेत तेवढे, आकडाच दुसरा. आता कानडी आकड्यांचा कागद भिंतीला चिकटवलाय.

एकूण ४२ वेळा चालू करायचा प्रयत्न. कात्रीनं पट्ट्या कापून टेबलावर ढीग केले, तेव्हा पहिल्यांदा काहीतरी दिसलं.

रात्रभर बंद ठेवून सकाळी: ८ वेळा, दर वेळी तीन झटक्यांच्या आत. पाच मिनिटांच्या आत परत: १४ वेळा, सगळी पहिल्या झटक्याला. तासाभरानंतर किंवा त्याहून उशिरा: ५ वेळा, काही तक्रार नाही. बंद करून दहा ते चाळीस मिनिटांनी: १३ वेळा, त्यातली ९ वेळा लागलंच नाही. आणि दोन दिवस बोट उभी राहिल्यावर: दोनच वेळा, पण एकदा २२ झटके, एकदा २५ च्या वर.

हे एक दुखणं नव्हेच. एक थंड असतानाचं आणि एक गरम असतानाचं. दोघांना गावानं 'लागंना' हे एकच नाव दिलं होतं, म्हणून प्रत्येक मेकॅनिकचा उपाय अर्धा लागू पडायचा आणि अर्धा खोटा ठरायचा.

टाकी साफ केल्यावर सकाळचे झटके कमी झाले, हेही वहीत दिसतं. पेट्रोल निर्दोष नव्हतं. पण तेच एकटं नव्हतं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आधी सोपं घेतलं, दोन दिवसांनंतरचं. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये नळीत रबरी फुगा असतो. चालू करण्यापूर्वी तो दाबत राहायचं. कार्बोरेटरचं भांडं भरलं की फुगा दगडासारखा कडक होतो. आत दोन्ही टोकांना एकेरी झडप असते, पेट्रोल पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही.

मामांना विचारलं, कडक होतो का? "मऊच ऱ्हातोय. आंब्यागत." म्हणजे किती दिवस झाले? "लई दिस."

नळीच्या इंजिनाकडच्या टोकाला पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि फुगा दाबला. पेट्रोल वर चढलं. हात सोडल्यावर दहा मिनिटांत चार बोटं मागे सरकलं. झडप गळते. रात्रभरात फरक पडत नाही, कारण भांड्यात पेट्रोल असतं. दोन दिवसांच्या उन्हात भांड्यातलं उडून जातं, नळीतलं टाकीत परत उतरतं, आणि मग झटके मारायचे ते कोरड्या विहिरीवर रहाट फिरवल्यासारखे.

फुगा उभा चिरला. आतल्या रबराला भेगा, आणि झडपेच्या तोंडाशी रबराचा काळा पापुद्रा अडकलेला. नळी कापून बघितली तर तिचंही आतलं अस्तर सुटायला लागलेलं. जुनी नळी साध्या पेट्रोलच्या काळातली.

इथेनॉलला टिकणारी नळी आणि नवा फुगा मालवणहून मागवला. निपाणीपर्यंत पार्सल येईल. तोवर मामांना सांगितलं, फुग्यावरच्या बाणाचं टोक वर करून तो उभा धरायचा आणि मग दाबायचा. आडवा धरला की झडपेतली गोळी जागेवर बसत नाही.

४ मे, रविवार

आता गरम दुखणं. स्पार्क बघायचा तो लागत नाही त्या क्षणी बघायला हवा. दुकानात तो नेहमीच असतो.

लाकडाच्या तुकड्यावर दोन-दोन स्क्रू समोरासमोर, मध्ये ८ मिमी अंतर, असा टेस्टर केला आणि नदीवर नेला. मल्टिमीटरची तापमान मोजायची वायर टोपाखाली, फ्लायव्हीलच्या (दोरीनं फिरतं ते चुंबकाचं जड चाक) खालच्या न फिरणाऱ्या पट्टीला चिकटवली.

चालू असताना ५८ अंश. बंद केलं आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांनी ६९. दहा मिनिटांनी ७९. बारा मिनिटांनी ८४, मग तिथंच. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, फ्लायव्हीलचा वारा थांबतो, आणि सिलिंडरमधली उष्णता वर चढते. बंद इंजिन चालत्या इंजिनापेक्षा गरम! चुलीवरून उतरवलेल्या पिठल्यासारखं, झाकण ठेवलं की आतच शिजत राहतं.

८४ अंशाला दोरी ओढली. टेस्टरवर काही नाही. दोन्ही सिलिंडरना नाही. पुतण्यानं डोक्यावर गोणपाट घेऊन अंधार करून बघितलं, तरी नाही. प्लगच्या तोंडाशी पेट्रोलचा वास ताजा, म्हणजे वाफबिफ काही नाही.

मामांना म्हटलं, घाला आंघोळ. पाणी ओतलं. ७० च्या खाली आल्यावर दोन्हीकडे निळी ठिणगी, टक टक वाजणारी.

दोन सिलिंडरना दोन वेगळ्या इग्निशन कॉइल. दोन्ही एकाच वेळी मरत नाहीत. दोघांच्या आधीचं, दोघांना सामाईक जे आहे ते मरतंय: फ्लायव्हीलखालची, सीडीआयला वीज पुरवणारी चार्ज कॉइल, नाहीतर सीडीआय. आणि सीडीआयचा डबा बाजूला, तुलनेनं गार जागी आहे.

कॉइल. बारीक तारेची, वार्निश मारलेली, लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेली. वीस वर्षं मी दुसरं काय करतोय? पोटात खड्डा पडला. सुताराच्या घरची खाट मोडकी, ती ही.

५ मे

फ्लायव्हील काढलं. हातोडीनं ठोकून काढायचं नसतं, आतले चुंबक सुटतात. तीन बोल्टचा पुलर लेथवाल्याकडून करून घेतला, बोल्ट आवळला, 'ठक' झालं आणि सुटलं. फ्लायव्हील जागेवर धरणारी चंद्रकोरीच्या आकाराची खीळ ('की') जपून डबीत.

चार्ज कॉइलची रेझिस्टन्स थंड असताना, ३१ अंशाला, ३८६ ओहम. पुस्तकाप्रमाणे ठीक. मागच्या मेकॅनिकनंही मोजली असणार आणि ठीक म्हणून सोडली असणार. त्याचं चुकलं नाही, त्यानं गार मोजली.

मग वार्निश वाळवायच्या ओव्हनमध्ये कॉइल ठेवली, वायरी बाहेर काढून मीटरला. हळूहळू तापवली. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतेच, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. ६० अंशाला ४२८. ७४ ला ४४९. सगळं हिशेबात. ७६ च्या आसपास आकडा थरथरला, ४५२, ४७०, ४५१, आणि मग मीटरची पाटी कोरी. तार तुटलेली! ओव्हनचं दार उघडं टाकलं. ६६ ला आकडा परत आला: ४३७.

पुतण्याला बोलावून परत दाखवलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

आत कुठेतरी तार तुटली आहे आणि दोन टोकं एकमेकांना टेकून आहेत. गरम झाल्यावर वार्निश फुगतं, टोकं केसाएवढी दूर जातात. जोरात चालू असताना व्होल्टेज इतकं असतं की ती फट ठिणगीनं ओलांडली जाते, म्हणून चालतं इंजिन गरम होऊन कधीच बंद पडलं नाही. दोरीच्या झटक्याला तेवढा वेग नसतो. पाच मिनिटांत परत ओढलं तर लागायचं, कारण तोवर उष्णता वर चढलेली नसायची. वहीतला प्रत्येक ढीग आता आपापल्या जागी बसला. आणि मामांचं डबडंही.

संध्याकाळी त्यांना सांगायला गेलो. ते जाळं विणत होते. मान न उचलता म्हणाले, "मी तर पैल्यांदाच सांगितलं हुतं."

११ मे

नवा संच मागवायचा तर महिना लागेल म्हणून कळलं. पाऊस तोवर थांबणार नाही. कॉइल मीच भरणार.

वार्निश मऊ करायला दोन दिवस थिनरमध्ये बुडवून ठेवली होती. आज उलगडली. गुंडाळलेली दिशा आधी खडूनं पाटीवर काढून ठेवली. दिशा उलटली तर सीडीआयला व्होल्टेज भलत्याच वेळी पोचेल.

तार केसासारखी. इनॅमल लायटरनं जाळून, पुसून मायक्रोमीटरला लावली: ०.१० मिमी, म्हणजे ४२ गेज. पाणबुडी मोटारीची तार याच्यापुढे दावं वाटते. चष्म्यावर चष्मा लावला, पंखा बंद केला, कारण वाऱ्यानं तार उडते. काउंटर लावून उलटं फिरवत गेलो. सहा-सात ठिकाणी तुटली, तुटेल तिथे गाठ मारून पुढे. शेवटचे थर आले तेव्हा कळलं. तारेचं पहिलं टोक जिथं जाड वायरीला डाग देऊन जोडलंय, त्याच्या बोटभर अलीकडे तार हिरवी पडलेली होती. चिमट्यानं उचलली तर हातात आली. कारखान्यात डाग देताना फ्लक्सचा कण राहिला असेल, किंवा दमटपणा आत शिरला असेल. बारा वर्षं ती तार आतून झिजत होती.

वेढे भरले २,८८०. खात्री म्हणून सगळी तार सोनाराकडे नेऊन काट्यावर टाकली, साडेबारा ग्रॅम. सोनारानं विचारलं, हे काय? म्हटलं, बोटीचा दागिना. तोळ्याहून थोडं जास्त तांबं, त्यासाठी चाळीस-चाळीस झटके.

१४ मे

पहिला प्रयत्न फुकट. १,९०० वेढ्यांवर तार तुटली. मध्ये जोड द्यायचा नाही, हा माझा नियम मोटारीलाही आहे. सगळं काढून फेकलं.

१७ मे

रात्री दहानंतर बसलो. लाईट जात नाही आणि गिऱ्हाईक येत नाही. मशीनचा पट्टा काढून हातानं फिरवलं, ताण दोन बोटांच्या चिमटीत फेल्टच्या तुकड्यानं. पुतण्या काउंटर वाचत होता. पावणेदोनला २,८८० पूर्ण. थंड ३९१ ओहम. तार १८० अंश सोसणारी घेतलीय, वार्निशही त्याच वर्गाचं. पहिल्या टोकाला तार तिपदरी करून पीळ दिला, मगच डाग, आणि डागानंतर स्पिरिटनं धुतलं.

१३० अंशाला चार तास भाजली. ओव्हनमध्येच ९५ ला मोजली. आकडा चढत गेला आणि चढलेलाच राहिला, कुठे थरथर नाही.

१८ मे

बसवली. फ्लायव्हील घट्ट केलं, दोरी ओढली तर खर्र खर्र आवाज. काळजात धस्स. परत उघडलं. कॉइलच्या वायरीवरची स्लीव्ह मी अर्धा इंच बाहेरून वळवली होती, ती फ्लायव्हीलच्या आतून घासत होती. दोरा बांधून आत दाबली. बरं झालं आवाज ऐकू आला, गल्लीत त्या वेळी वरातीचा डॉल्बी असता तर वायर कापूनच गेली असती.

बॅरलमध्ये पहिल्या झटक्याला चालू. अर्धा तास चालवलं, बंद केलं, बारा मिनिटं थांबलो. ८३ अंश. पुतण्याला ओढायला लावलं. एका झटक्यात.

त्याला परत बंद करायला लावलं. परत बारा मिनिटं. असं सहा वेळा. शेजारी धूर झाला म्हणून भांडायला आले.

२६ मे

पाऊस दारात. यंदा २४ तारखेलाच केरळात लागला आणि आज मुंबईत पोचलासुद्धा. इकडे वळवाचा म्हणावा की मान्सूनचा, तेच कळेना. नदी गढूळली. नळी आणि फुगा निपाणीहून आले, बसवले. फुगा सात दाबांत कडक. दुसऱ्या दिवशी सकाळीही कडक. बंद करायच्या बटणाची वायर परत जोडली, तपासली. लाल दोरी मनगटाला बांधल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही, हे मामांना चेअरमनच्या देखत सांगितलं.

८ जून

बेंदूर जवळ आला, बैलांच्या शिंगांना रंग घ्यायला माणसं बाजारात. वही परत आली, मामांचे आकडे, मी कागद बघून वाचले. नव्या कॉइलवर ५३ वेळा चालू केलं. दहा ते चाळीस मिनिटांच्या ढिगात १९ नोंदी, सगळ्या दोन झटक्यांच्या आत. दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर तीन नोंदी, जास्तीत जास्त चार झटके.

एका नोंदीपुढे पाण्याचा डाग आणि '२' लिहिलंय. मामांना विचारलं, त्या दिवशी काय झालं? लागायला वेळ नव्हता लागला, पण सवयीनं आधीच दोन डबडी ओतली होती. लिहायचं म्हणून लिहिलं.

चेअरमनना बिल दिलं: तार, वार्निश, नळी, फुगा, पुलरची लेथ मजुरी. माझी मजुरी लावली नाही, वर्षभर मासे पोचवायचं ठरलंय. बायको म्हणाली, कागदावर लिहून घ्या.

१० जून

बोट ओढून काठावर घेतली होती, म्हणून खालच्या गिअरचं तेल सहज बघितलं. स्क्रू सैल केल्यावर आलं ते दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. प्रोपेलरच्या शाफ्टचं सील गेलंय, पाणी आत येतंय. मालवणला फोन करून दोन सीलं सांगितली. जुनं तेल काढलं, नवं भरलं, आणि वहीत नवा रकाना आखून दिला: दर आठवड्याला तेलाचा रंग.